शब्द निर्दोष, भास शिवीचा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच अडचण आहे. शब्दाचा अर्थ साफ असतो, पण कानाला तो भलताच लागतो. मग तो टाळायचा का? त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचा महिला बचत गट गांडूळखत तयार करून विकतो. नवीन गोण्या छापायच्या आहेत. गटातल्या तरुण मुली म्हणतात, नाव वाचून गिऱ्हाइकं हसतात, त्यापेक्षा नुसतं 'व्हर्मीकंपोस्ट' छापा. काय करावं?

उत्तर : नाव ठेवा. संस्कृतात या प्राण्याला 'गंडूपद' म्हणतात. 'गंडू' म्हणजे गाठ किंवा पेर. गांडुळाच्या अंगावरची वळी पाहिली की हे नाव का पडलं ते कळतं. शेतकरी आणि कृषी सहायक हा शब्द रोज, सहजपणे वापरतात. विकत घेणाऱ्यालाही हेच नाव माहीत असतं.

मुलींचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. हसू येतं ते बहुतेक वेळा छपाईमुळे. अरुंद गोणीवर मोठ्या टायपात शब्द मावत नाही, मग तो तुटतो. 'ळ' खालच्या ओळीत जातो आणि वर उरते ती शिवी. छापखान्याला लेखी सांगा की 'गांडूळ' एका ओळीत अखंड हवं. जागा नसेल तर 'खत' खाली घ्या. दुसरी अडचण शाईची. विणलेल्या प्लॅस्टिकच्या गोणीवर शाई पसरते आणि बारीक टायपातल्या 'ळ'ची दोन्ही पोटं भरून जातात. लांबून तो काळा ठिपका दिसतो. म्हणून कागदावरच्या नमुन्यावर समाधान मानू नका. एका खऱ्या गोणीवर छापून घ्या, दहा फुटांवरून वाचा आणि मगच बाकीच्या छापायला सांगा. मोबाइलवरच्या यादीत लांब नाव शेवटी कापलं जातं, तिथे गटाचं नाव नंतर आणि 'गांडूळखत' आधी लिहा.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये या खताची नोंद 'व्हर्मीकंपोस्ट' अशी आहे, त्यामुळे तो शब्दही खाली लहान अक्षरात असू द्या. माल मध्य प्रदेशात जाणार असेल तर तिथल्या गोणीवर 'केंचुआ खाद' छापा. लिपी एकच असल्यानं तिथला माणूस मराठी शब्द वाचणारच, आणि प्रमाण हिंदीत 'ळ' नसल्यानं तो त्याला 'ल' म्हणेल. तोवर पहिली दोन अक्षरं कानावर आदळलेली असतील.

प्रश्न : मी शाळेत संस्कृत शिकवते. 'चूत' हा शब्द आला की वर्ग खिदळतो. पाठ देताना त्या जागी 'आम्र' घालावं का?

उत्तर : मूळ पाठात घालू नका. अमरकोशात आंब्याची नावं एकाच ओळीत येतात : 'आम्रश्चूतो रसालोऽसौ सहकारोऽतिसौरभः'. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दासी मदनाला आंब्याचा मोहोर वाहतात, तिथेही हाच शब्द आहे. 'आम्र' आणि 'चूत' दोन्हींत पहिलं अक्षर गुरू, दुसरं लघू, म्हणून बदल सोपा वाटतो. पण 'आम्र' स्वरानं सुरू होतो. मागच्या शब्दाशी त्याचा संधी होतो आणि वृत्त तिथेच मोडतं.

पाठ सुरू होण्याआधीच शब्द फळ्यावर लिहा, ही अमरकोशाची ओळ दोनदा म्हणवून घ्या, आणि मग श्लोकाकडे वळा. शब्द अचानक समोर आला की मुलं हसतात. आधी पाठ झालेला असला की तो परीक्षेचा शब्द होतो. तुम्ही स्वतः आवाज खाली घेऊन तो उच्चारलात तर मात्र वर्गाला खूण मिळते. मराठी भाषांतरात 'आंबा' लिहा, तिथे 'चूतवृक्ष' लिहिण्याचं काही कारण नाही.

मोठ्या वर्गात मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारं शास्त्र, आली की जैमिनींचं 'चोदनालक्षणोऽर्थो धर्मः' येईल. तिथे तर पर्यायच नाही, कारण 'चोदना' हा शास्त्राचा पारिभाषिक शब्द आहे. 'चुद्' म्हणजे प्रेरणा देणं. हाच धातू गायत्रीमंत्रातल्या 'प्रचोदयात्'मध्ये आहे, हे एकदा दाखवून दिलं की मुलं गप्प होतात आणि ऐकू लागतात.

प्रश्न : आमचं आडनाव दीक्षित. मुलगा शिकायला परदेशी निघाला आहे. एका संकेतस्थळानं 'अयोग्य शब्द' म्हणून त्याचं नाव नाकारलं. स्पेलिंग बदलून घ्यावं का?

उत्तर : पासपोर्ट झालेला असेल तर बदलू नका. 'क्षित' रोमन लिपीत लिहिताना 'के'नंतर जी चार अक्षरं येतात, त्यांचा इंग्रजीत विष्ठेसाठीचा असभ्य शब्द होतो. हर्षित, परीक्षित, रक्षित या नावांचंही तेच. संगणकाची गाळणी नाव वाचत नाही, फक्त अक्षरांची ओळ शोधते. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना, त्या नावाच्या स्पेलिंगमध्येही असाच एक असभ्य शब्द दडलेला असल्यानं, एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येत नव्हतं. आसामातल्या चुतिया समाजाचं उच्चारात 'सुतिया' होतं, कारण असमियात 'च'चा उच्चार 'स' असतो. मध्ययुगात सदियाला राज्य असलेल्या या समाजाची आडनावंही फेसबुकनं खोटी ठरवली होती.

फॉर्म नाव घेत नसेल तर त्यात तात्पुरतं वेगळं स्पेलिंग भरू नका. पासपोर्ट, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्याशी एक अक्षर जुळलं नाही तरी पुढे प्रवेश आणि व्हिसा अडतो. नकाराच्या संदेशाचं चित्र आणि पासपोर्टचं पहिलं पान जोडून त्या संस्थेच्या मदत विभागाला पत्र पाठवा. माणसानं हातानं नोंद केली की काम होतं. घरात नवं बाळ आलं असेल तर मात्र जन्मदाखल्यापासूनच 'क्ष'साठी 'एक्स' लिहा. पुढची सगळी कागदपत्रं त्यावरूनच होतील.

प्रश्न : अमेरिकेतल्या आमच्या कार्यालयात मी मराठी सहकाऱ्याशी बोलताना 'फक्त' म्हणालो आणि शेजारची मंडळी दचकली. आता मराठी बोलायलाच संकोच वाटतो.

उत्तर : संकोच नको, पण प्रसंग पाहा. आधी उच्चाराकडे लक्ष द्या. मराठी 'फ' दोन्ही ओठ मिटून, हवा सोडत म्हणायचा असतो. आपण इंग्रजीच्या सवयीनं खालच्या ओठावर दात टेकवतो, आणि तिथेच साम्य वाढतं. ओठांचा 'फ' म्हणून पाहा, फरक लगेच ऐकू येईल. दोघंच बोलत असाल तर 'फक्त' खुशाल म्हणा. सगळ्यांच्या बैठकीत मध्येच मराठीत वळलात तर 'केवळ', 'नुसतं', 'एवढंच' आहेत.

शिवीचा भास आणि एखाद्या समाजाच्या जखमेचा भास यांत मात्र फरक करायला हवा. जानेवारी १९९९ मध्ये वॉशिंग्टनचे महापौर अँथनी विल्यम्स यांचे सहायक डेव्हिड हॉवर्ड अंदाजपत्रकाबद्दल बोलताना 'निगार्डली' म्हणाले. त्याचा अर्थ कंजूषपणे. हा शब्द इंग्रजीत फार जुना आहे आणि कृष्णवर्णीयांसाठीच्या लॅटिनमधून आलेल्या शिवीशी त्याचं नातं नाही. तरी एक सहकारी दुखावला आणि हॉवर्ड यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे कृष्णवर्णीयांचे नेते ज्युलियन बाँड यांनीच त्यांची बाजू घेतली आणि महापौरांनी त्यांना परत बोलावलं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात ग्रेग पॅटन हे प्राध्यापक, बोलताना मध्ये रेंगाळायला चिनी लोक वापरतात तो 'नेगा' हा शब्द समजावून सांगत होते. तो कानाला त्याच शिवीसारखा लागला म्हणून तक्रार झाली, तो विषय दुसऱ्याकडे दिला गेला, आणि चौकशीत नियमभंग आढळला नाही.

दोघांनाही झालेला त्रास अन्यायाचा होता, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण इंग्रजी बोलणाऱ्यानं 'निगार्डली' सोडल्यानं त्याचं काहीच जात नाही, कंजूष म्हणायला त्या भाषेत पुष्कळ शब्द आहेत. चिनी माणसानं 'नेगा' सोडायचा म्हटलं तर त्याला धड वाक्य बोलता येणार नाही. त्याला तो सोडायला सांगू नये. शिकवणाऱ्यानं मात्र उच्चाराआधी 'आता असा ध्वनी ऐकू येईल' एवढं सांगावं.

प्रश्न : 'बाल' शब्द असलेलं आमचं मुलांचं मासिक बंगालीत काढायचं आहे. नाव तेच ठेवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. बंगालीत तो एकटा शब्द गुप्तांगावरच्या केसांसाठी आणि शिवी म्हणून वापरतात. 'बालक' चालतो, पण मुलांच्या मासिकाला 'शिशु' किंवा 'किशोर' हेच तिथले रुळलेले शब्द. दक्षिणेत जाणार असाल तर आणखी एक : बागकामाच्या सदराला 'कुंडी' नाव देऊ नका, तमिळ आणि मल्याळममध्ये त्याचा अर्थ ढुंगण होतो.