सूत रंगवणाऱ्यांच्या मुलीला स्फटिक वाढवायचे आहेत

सोलापूरच्या एका पालकांचं पत्र आहे. एमआयडीसीत त्यांचं सूत रंगवण्याचं छोटं युनिट आहे. मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. एका सेमिनारनंतर तिनं एकच ध्यास घेतलाय : अल्ट्रासाउंडच्या मदतीनं पिझोइलेक्ट्रिक जाड फिल्म वाढवायच्या. वडील विचारतात, ‘यात पोट भरतं का? शिसं वापरतात म्हणे, ते धोक्याचं नाही का? आणि बँकेच्या परीक्षा सोडून हे करू द्यावं का?’

नमस्कार. तुम्ही रंगकामातले आहात, त्यामुळे हा विषय तुम्हाला लवकर उमगेल.

काही स्फटिक दाबले की त्यांत वीज तयार होते आणि वीज दिली की ते किंचित ताणले-आखडले जातात. हा गुण, म्हणजे पिझोइलेक्ट्रिसिटी, पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये असाच पदार्थ असतो, बहुतेक वेळा पीझेडटी, म्हणजे शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. त्याची चकती जितकी पातळ तितकी कंपनं वेगवान आणि चित्र बारीक. पोटाच्या सोनोग्राफीला साधारण अर्ध्या मिलिमीटरची चकती चालते. डोळ्याचे किंवा त्वचेचे नाजूक थर पाहायला सेकंदाला पाच कोटी कंपनं, म्हणजे ५० मेगाहर्ट्‌झ हवे असतील, तर ती ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास लागते, केसाहून पातळ. एवढी घासायला गेलं तर तुटते. द्रावणाचे लेप देत जावं, तर एका लेपात जेमतेम ०.१ मायक्रॉन जाडी मिळते. दहा मायक्रॉनला शंभर लेप, आणि मध्येच तडे जातात ते वेगळंच. या दोन्हींच्या मधली जागा भरते ती तुमच्या मुलीची ‘जाड फिल्म’.

ती वाढवायची एक पद्धत हायड्रोथर्मल. टायटॅनियमचा पत्रा, शिसं-झिर्कोनियमचे क्षार आणि कॉस्टिक पोटॅश बंद भांड्यात ठेवून १५०-१६० अंशांपर्यंत तापवायचं. आतला दाब हवेच्या पाच-सहा पट होतो, आणि पत्र्यावर स्फटिक उगवू लागतात. आता तुमची टाकी आठवा. लडी न हलवता सोडली तर तिच्याजवळचा रंग संपतो, ताजा पोचत नाही आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी बसतो. इथेही तेच होतं. अल्ट्रासाउंडनं द्रावणात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात, पत्र्यावर बसलेला सैल गाळ झटकला जातो, ताजं द्रावण पोचतं, आणि फिल्म लवकर व दाट वाढते. जपानी संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. मला यातली एक गोष्ट फार मोहवते : तो अल्ट्रासाउंड काढणारा भागही पिझो स्फटिकाचाच असतो. एक स्फटिक दुसऱ्याला वाढवतो.

शिशाबद्दलची तुमची भीती रास्त आहे आणि ती मी हलकी करणार नाही. शिशाचे क्षार विषारीच. हातमोजे, धूर ओढून घेणारं कपाट आणि उरलेल्या द्रावणाची वेगळी साठवण, हे जिथं नाही त्या प्रयोगशाळेत मुलीला पाठवू नका, मग तिथलं नाव कितीही मोठं असो. सांडपाण्याची काळजी डाइंगवाल्याला वेगळी शिकवावी लागत नाही, म्हणून ही पाहणी तुम्ही स्वतः करा. पोटॅशियम-सोडियम नायोबेटसारख्या बिनशिशाच्या पदार्थांवरही याच पद्धतीनं काम होतं. तिचा कल तिकडे वळला तर मला अधिक आनंद होईल.

आता पोटाचं. ‘अल्ट्रासाउंडनं पिझो फिल्म वाढवणारा पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला कधी दिसणार नाही. विषय अरुंद आहे. पण तो करताना जे शिकायला मिळतं ते रुंद असतं : एक्स-रे डिफ्रॅक्शन (एक्स-रेनं स्फटिकाची रचना ओळखणं), इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, विद्युत मोजमाप, दाबाखालचं रसायन. सेन्सर, सिरॅमिक, वैद्यकीय उपकरणं या क्षेत्रांत हे चालतं. पुण्याचं सी-मेट इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करतं, कोचीची एनपीओएल ही डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा सोनारवर, म्हणजे पाण्याखाली ध्वनीनं शोध घेणाऱ्या यंत्रणेवर. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. मात्र ती परीक्षा अवघड आहे, आणि पीएच.डी.ला पाच वर्षं धरून चाला.

म्हणून आजच पीएच.डी.चा विचार नको. एम.एस्सी.ची दोन वर्षं द्या. सोलापुरातच केगावला अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात भौतिकशास्त्राचा विभाग आहे. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तर पातळ फिल्मच्या कामासाठी ओळखलं जातं. आयआयटीसाठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, तीही द्यावी. बँक पीओची वयोमर्यादा ३० वर्षं आहे, त्यामुळे तो दरवाजा एवढ्यात बंद होत नाही.

एक मात्र मुलीला विचारा. सेमिनारमधली चित्रं सुंदर असतात. प्रयोगशाळेत भांडं रात्रभर तापतं, सकाळी उघडल्यावर पत्र्यावर पांढरी पूड मिळते, फिल्म नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं. हे तिला चालेल का? उत्तर तोंडी नको. परीक्षा संपली की महिनाभर एखाद्या प्रयोगशाळेत तिला बसू द्या, भांडी धुण्यापासून. जूनमध्ये ती काय म्हणते ते मला कळवा. आणि तुम्ही तिथली सांडपाण्याची सोय पाहिलीत का, तेही लिहा.