सत्ताधाऱ्यांनी लोकांना नको असलेलं आरोग्यविम्याचं बिल पास केलं तर विरोधी पक्षाने काय करावं?

प्रश्नाखाली तुम्ही अमेरिकेतलं २०१७ चं उदाहरण दिलंय, की ओबामाकेअर (ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा) मोडायचं बिल हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, पास झालं तेव्हा डेमोक्रॅट खासदार समोरच्या बाकांकडे बघून हात हलवत गाणं म्हणाले, तर विरोधी पक्षाने असंच आक्रमक राहावं की शांतपणे पुढच्या निवडणुकीची वाट बघावी. माझं म्हणणं, दोन्ही नाही. आणि ते गाणं तर अजिबातच नाही. मी न्यू जर्सीत राहते, एका नर्सिंग होमच्या बिलिंगमध्ये नोकरी करते आणि या गाण्यावरून माझं एका माणसाशी आजतागायत भांडण चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवते.

४ मे २०१७. बिल २१७ विरुद्ध २१३ ने पास झालं. २० रिपब्लिकन विरोधात गेले, डेमोक्रॅट एकही बाजूने नाही. बिलामुळे किती लोक विम्याबाहेर जाणार याचा सरकारी हिशोब यायच्या आधीच मतदान उरकून घेतलं, आणि नंतर हिशोब आला तो २०२६ पर्यंत २ कोटी ३० लाख जादा लोक विम्याशिवाय राहतील असा. मॅचमध्ये हरणाऱ्या टीमला चिडवायला प्रेक्षक जे म्हणतात ना, निघा आता घरी छापाचं, ते गाणं होतं. अर्थ उघड होता, तुम्ही पुढच्या निवडणुकीत पडणार. इकडे संध्याकाळच्या बातम्यांमध्ये एकीकडे व्हाइट हाऊसच्या रोझ गार्डनमध्ये ट्रम्पबरोबर हसणारे रिपब्लिकन आणि दुसरीकडे गाणारे डेमोक्रॅट, आणि आमच्या ऑफिसात फोन, की आमच्या आईचं मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) बंद होणार का, कधीपासून होणार, तिला घरी न्यावं लागेल का. म्हणजे ज्यांचं खरंच काही जाणार होतं ते सोडून त्या दिवशी सगळे खुशीत होते. मला तेव्हा जो संताप आला तो रिपब्लिकनांचा कमी आणि आपल्या लोकांचा जास्त आला.

आता भांडण. आमचा इथे स्वयंसेवकांचा एक ग्रुप आहे, बरेचसे देशी, आणि तो चालवतात ते एक रिटायर्ड काका. माणूस मेहनती, त्याबद्दल वाद नाही. एडिसनहून गाड्या भरून टर्नपाइकने खाली बर्लिंग्टन काउंटीत लोकांना घेऊन जायचं, कोणाला कोणत्या गल्ल्या ते वाटून द्यायचं, पाण्याच्या बाटल्या, सनस्क्रीन, सगळं चोख. तिथले खासदार तेव्हा टॉम मॅकार्थर, आणि ते बिल मेलेलं असताना ज्या दुरुस्तीमुळे परत उठलं ती दुरुस्ती यांचीच. मतदानानंतर आठवड्याभरात त्यांनी विलिंगबरोला सभा घेतली, ती पाचएक तास चालली, लोकांनी सोलून काढलं. म्हणून २०१८ मध्ये आमचा सगळा भर त्या मतदारसंघावर.

काकांना ते गाणं जाम आवडलेलं. गाडीत बसलं की विषय निघणारच, "बघ, तेव्हाच सांगितलं होतं त्यांना." मी म्हणायचे, काका, हसण्यासारखं काय होतं त्यात? तर म्हणे, तू फार इमोशनल आहेस, हे राजकारण आहे.

तर अशाच एका शनिवारी मला एक घर आलं. मिनीव्हॅन, म्हणजे दारोदार प्रचाराच्या ॲपमधल्या यादीत नाव होतं मुलीचं, कुठल्याच पक्षात नोंद नाही असं. दार उघडलं आईने, सत्तरीच्या पुढची गोरी बाई, अंगणात मॅकार्थरची पाटी. मुलगी पेनसिल्व्हेनियाला गेलेली. मी निघणारच होते, पण मागे भिंतीला घडी घातलेली व्हीलचेअर दिसली आणि धंद्याची सवय, तोंडातून निघून गेलं की घरात कोणी आजारी आहे का. नवरा नर्सिंग होममध्ये. मी म्हटलं मग मेडिकेडबद्दलच बोलायला आले होते. त्यावर बाई ताठ. मेडिकेड वगैरे आमच्याकडे नाही, आमचा चांगला इन्शुरन्स आहे. आत गेली आणि नवऱ्याचं कार्ड घेऊन आली, पुरावा म्हणून.

कार्ड बघितल्याबरोबर मला कळलं, कारण तसली कार्डं मी रोज कॉपी करते. वर मोठ्या अक्षरात विमा कंपनीचं नाव, रंगीत लोगो, आणि खाली कोपऱ्यात बारीक, न्यू जर्सी फॅमिलीकेअर. हेच मेडिकेड. इथे २०१४ पासून नर्सिंग होमचं मेडिकेडसुद्धा खासगी कंपन्यांमार्फत चालतं, त्यामुळे सरकारचं नाव दिसतच नाही म्हणा ना. मी तिला एवढंच विचारलं, भरती करताना पाच वर्षांचे बँक स्टेटमेंट मागितले होते का तुमच्याकडे? हो म्हणाली, त्या कागदांनी जीव नकोसा केला होता, आणि बचत संपत आल्यावर तिथल्याच ऑफिसातल्या बाईने कसले कसले फॉर्म भरून घेतले. मी म्हटलं ते मेडिकेडचेच फॉर्म. कंपनी नुसती मधे आहे, पैसे निम्मे राज्याचे आणि निम्मे वॉशिंग्टनहून येतात. देशभरातल्या नर्सिंग होममधल्या दर १० माणसांपैकी साधारण ६ जणांचं बिल असंच भरलं जातं.

बाई कार्ड उलटंपालटं करून बघत राहिली. मग विचारलं, याने मत कशाला दिलं होतं नक्की? मी सांगितलं, त्या बिलात २०२० पासून राज्याला माणशी ठरलेलीच रक्कम मिळणार होती, वरचा खर्च राज्याने बघावा, आणि राज्याला झेपलं नाही की कात्री कुठे लागते ते तुम्हीच सांगा. ओबामा, ट्रम्प, रशिया यातलं एक अक्षर मी काढलं नाही. ती म्हणाली, त्याच्या ऑफिसचा नंबर आहे का तुझ्याकडे? मी फ्लायरच्या मागे लिहून दिला. फ्लायर घेतला तो मागे नंबर होता म्हणून. पाटी काढते वगैरे काही म्हणाली नाही. आत बोलावलं नाही. दार लावलं.

ॲपमध्ये १ ते ५ आकडा टाकायचा असतो, १ म्हणजे आपला पक्का, ५ म्हणजे त्यांचा पक्का. मी आईची नोंद प्रामाणिकपणे ५ केली. गाडीत काकांनी यादी बघितली आणि सुरू झाले. एवढा वेळ एका दारात? तेही पाचाच्या? पाचवाल्यांवर वेळ घालवायचा नाही हे शंभरदा सांगितलंय. "अगं, तिचं मत मिळणारे का आपल्याला?" मी म्हटलं नाही मिळणार. पण ती उद्या मॅकार्थरच्या ऑफिसात फोन करणार आणि म्हणणार की मी तुमची मतदार, माझ्या अंगणात तुमची पाटी आहे, माझ्या नवऱ्याच्या खाटेचं काय केलंत. तो एक फोन तुमच्या शंभर एक-नंबरवाल्यांच्या फोनपेक्षा जड आहे. काका म्हणाले फोनने सीट येत नाही. विषय तिथेच बंद, पण पुढच्या शनिवारी मला दारावर पाठवलं नाही, पाकिटं भरायला बसवलं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. मतदान हरल्यावर विरोधी पक्षाकडे आकडे नसतातच, त्यामुळे बिल पाडायचं असेल तर ते सत्ताधाऱ्यांच्या मतदारांकडूनच पाडून घ्यावं लागतं. २०१७ मध्ये तेच झालं ना. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, १०० पैकी रिपब्लिकन ५२ होते, डेमोक्रॅटांनी डोकं आपटलं असतं तरी काही होणार नव्हतं. २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर बिल ४९ विरुद्ध ५१ ने पडलं ते मकेन, कॉलिन्स आणि मर्काउस्की हे तीन रिपब्लिकन फुटले म्हणून. त्याआधी सिनेटमधले रिपब्लिकनांचे तेव्हाचे नेते मिच मकॉनल यांच्या ऑफिसबाहेर व्हीलचेअरवरची माणसं जाऊन बसली होती, पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, देशाने ते टीव्हीवर बघितलं. तिथे कोणी गाणं म्हणत नव्हतं.

आणि हे आजचं नाही. १९८८ मध्ये मेडिकेअर या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यामध्ये मोठ्या आजारपणाचं कव्हर वाढवणारा कायदा आला, दोन्ही पक्षांनी मिळून केलेला, पण त्याचा खर्च म्हाताऱ्यांवरच जादा कर लावून काढायचा होता. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोला डॅन रोस्टेन्कोव्स्की या बड्या खासदाराची गाडी त्याच्याच मतदारसंघातल्या म्हाताऱ्यांनी अडवली, शेवटी तो गाडीतून उतरून पायी सटकला. त्याच वर्षी कायदा जवळजवळ सगळा रद्द. विरोधी पक्षाची सभा नाही, मोर्चा नाही, घरचेच लोक. म्हणून म्हणते, त्या लोकांशी बोलता येईल असं तोंड ठेवा. तुम्ही त्यांच्या खासदाराला नाचून दाखवलंत की त्याचा मतदार आधी खासदाराची बाजू घेतो, बिल काय होतं ते राहतं बाजूला.

दुसरं म्हणजे स्वतःकडे काहीतरी हवं. २०१० नंतर रिपब्लिकन सात वर्षं ओबामाकेअर रद्द करू आणि नवीन आणू म्हणत होते, सत्ता आली तेव्हा नवीन काय ते त्यांच्याच लोकांना ठरवता येईना. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला माहीत असणार.

आता २०२५. ३ जुलैला २१८ विरुद्ध २१४ ने ट्रम्पचं मोठं बिल पास झालं, मेडिकेडला दहा वर्षांत लाख कोटी डॉलरच्या आसपास कात्री. हाऊसमधले डेमोक्रॅटांचे नेते हकीम जेफ्रीज त्या दिवशी ८ तास ४४ मिनिटं बोलले. काकांचे व्हॉट्सॲपवर सकाळपासून मेसेज, काय बोलतोय, काय बोलतोय! बरं बोलले, रिपब्लिकन मतदारसंघांतल्या साध्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या, गाण्यापेक्षा लाखपटीने बरं. पण पहाटे पाचला चालू झालेलं भाषण ऐकायला बर्लिंग्टन काउंटीतली ती बाई बसली होती का? मग ऑक्टोबरमध्ये विम्याच्या सबसिडीवरून ४३ दिवस सरकार बंद, त्यातून सबसिडी काही वाचली नाही, पण निदान लोकांना प्रीमियम का वाढतोय ते कळलं. मला ते आवडलं. काकांनाही आवडलं, एकदाचं एकमत.

खरी मेख पुढे आहे. काम करा नाहीतर मेडिकेड सोडा, महिन्याला ८० तासांचा हिशोब द्या, ही अट देशभर लागणार १ जानेवारी २०२७ पासून. निवडणूक नोव्हेंबर २०२६ ला. म्हणजे मत देताना बहुतेकांना चटका बसलेलाच नसणार, आणि हे उगाच झालेलं नाही. आर्कान्सामध्ये २०१८ ला असाच प्रयोग झाला, काही महिन्यांत १८ हजारांवर लोकांचं कव्हर गेलं, त्यातले कितीतरी कामावर जाणारे होते, फक्त कागद वेळेत चढवला नाही किंवा कुठे चढवायचा तेच कळलं नाही. मी रोज बघते, माणूस पात्र असतो आणि पाकीट न उघडल्यामुळे बाद होतो. विरोधी पक्षाने आत्तापासून टेबलं टाकून बसावं, लायब्ररीत, चर्चच्या हॉलमध्ये, आणि लोकांचे फॉर्म भरून द्यावेत, १ असो नाहीतर ५. काका म्हणतात हे एनजीओचं काम. मी म्हणते मग पक्षाचं काम काय, पाकिटं भरणं?

आता काही गोष्टी माझ्या विरुद्ध जाणाऱ्या. मॅकार्थर २०१८ मध्ये पडले, डेमोक्रॅट अँडी किम चार हजारांपेक्षा कमी मतांनी जिंकले, डेमोक्रॅटांना देशभरात ४० जागा वाढून मिळाल्या, म्हणजे गाण्यातलं भाकीत खरं ठरलं आणि काका ते मला दर दिवाळीला ऐकवतात. पण मॅकार्थरनी नंतर टॅक्सच्या बिलालाही मत दिलं होतं, न्यू जर्सीच्या रिपब्लिकनांमधल्या त्यांनी एकट्यानेच, आणि त्यात प्रॉपर्टी टॅक्सच्या वजावटीवर मर्यादा आल्याने इथल्या घरमालकांना ते चांगलंच झोंबलं होतं. न्यू जर्सीतल्याच दुसऱ्या मतदारसंघातले रिपब्लिकन लेनर्ड लान्स तर हाऊसमध्ये आरोग्याच्या बिलाविरुद्ध मत देऊनही पडले. तेव्हा कशाने काय झालं हे काका म्हणतात तितकं सरळ नाही, आणि मी म्हणते तितकंही नसेल. शिवाय माझा पगारच मेडिकेडच्या पैशातून येतो, हेही लक्षात घेऊन वाचा.

अजून एक. विरोधात आहोत म्हणून वाटेल ते सांगू नका. आमच्या ग्रुपचा नवीन फ्लायर आलाय, त्यावर म्हातारीचा फोटो आणि खाली की कामाची अट लावून आजीला नर्सिंग होममधून काढणार. साफ खोटं. ती अट १९ ते ६४ वयाच्या लोकांना आहे, आणि त्यातही सगळ्यांना नाही. आजीच्या घरच्यांना खरा फटका बसणारे तो वेगळाच, आणि त्यावर कोणी फ्लायर छापत नाही. आत्तापर्यंत अर्ज करायच्या आधीच्या तीन महिन्यांचं बिल मेडिकेड भरत होतं, २०२७ पासून दोनच महिन्यांचं भरणार. घरचे कागद जमवण्यात उशीर करतात, नेहमीच करतात, तो तिसरा महिना म्हणजे हजारो डॉलर आणि ते आता कुटुंबाकडे मागायचे कोणी तर मी. काकांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, एवढं कोण वाचतं, फोटो बघतात लोक. तो फ्लायर मी वाटणार नाहीये, तसं त्यांना कळवलंय.