संदर्भ-प्रत शेजारी ठेवावी का?

प्रश्न : एडिटरने लॉक कटची, म्हणजे पक्क्या झालेल्या संकलनाची, फाइल संदर्भ-प्रत म्हणून दिली आहे. दिग्दर्शकाला तिच्यातलेच रंग आवडलेत. ग्रेडिंग (चित्राचे रंग बसवणं) करताना ती समोर ठेवू का?

उत्तर : ठेवा, पण आधी कट जुळवायला. दा विंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ऑफलाइन रेफरन्स (तुलनेची प्रत) म्हणून जोडा आणि वाइप लावून, म्हणजे एकाच चौकटीत अर्धं तिचं आणि अर्धं आपलं चित्र ठेवून, शॉटमागून शॉट बघा. एखादी घसरलेली फ्रेम, सुटलेला झूम तिथेच सापडतो. रंगांचं म्हणाल, तर त्या प्रतीवर बहुधा कामचलाऊ एलयूटी (रंग बदलणारा तयार तक्ता) असतो. सावल्यांमधला तपशील तो खाऊन टाकतो. दिग्दर्शकाला नेमकं काय भावलं, चेहऱ्यावरची ऊब की गडद काळा, ते विचारून घ्या. रंग करताना मी वाइप एकेक सीन संपल्यावरच उघडतो. ती प्रत सतत समोर असली की डोळा तिलाच सरावतो, आणि आपलं बरं कामही उगाच फिकं वाटतं.