वाचकांचे प्रश्न : स्टेपलर घेताना आधी पिनेचा नंबर बघा

प्रश्न : सेलूला आमचं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज आठ-दहा कागदांचे असतात, पण जात पडताळणीचं एखादं प्रकरण साठ-सत्तर कागदांवर जातं. एकच मोठा स्टेपलर घेऊन सगळं भागेल का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : नाही भागणार, दोन घ्या. मोठ्या मशीनची लांब पिन दहा कागदांना मारली की तिचे उरलेले पाय एकमेकांवर चढतात आणि टोक वरच्या पानातून बाहेर येतं. लहान पिन जाड गठ्ठ्यात घातली तर ती मधेच वाकते.

पिनेच्या डबीवर २४/६ किंवा २३/१३ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा तारेचा. तो जितका लहान तितकी तार जाड. दुसरा आकडा म्हणजे पायाची लांबी, मिलिमीटरमध्ये. झेरॉक्सचा ७५ जीएसएम कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, आणि पाय नीट वळायला खाली २ ते ३ मिमी तार उरावी लागते. एवढ्यावरून हिशेब करता येतो. २३/१० ला सत्तर कागद, २३/१३ ला शंभर. १० नंबरच्या छोट्या पिनेचा पाय ५ मिमी, म्हणून ती वीस कागदांपर्यंतच.

तुमच्या रोजच्या अर्जांना २४/६ चा टेबलावर ठेवायचा स्टेपलर घ्या. दहा नंबरचा स्वस्त पडतो आणि खिशातही मावतो, पण दिवसभर काउंटरवर चालवायला तो नाजूक. मोठ्या प्रकरणांना २३ मालिकेचं लांब दांड्याचं मशीन घ्या आणि २३/१० व २३/१३ अशा दोन्ही डब्या ठेवा. दुकानातच तुमच्या कामाएवढा गठ्ठा मारून बघा, मागचे दोन्ही पाय सपाट बसले पाहिजेत. बाँड पेपर आणि फोटो चिकटवलेली पानं जाड असतात, तेव्हा नुसती पानं मोजू नका, जाडी बघा.

प्रश्न : शाळेतल्या स्टेपलरमध्ये सारखी पिन अडकते. नवीन घ्यावा का?
– एक लिपिक, भोकरदन (जि. जालना)

उत्तर : आधी डबी तपासा. २४/६ च्या मशीनमध्ये १० नंबरची पिन घातलेली अनेकदा सापडते. तिची रुंदी कमी असल्याने ती खाचेत सैल बसते आणि तिरकी होते. नंबर बरोबर असेल, तर स्प्रिंगची पट्टी मागे ओढून सगळ्या पिना काढा आणि अडकलेली पिन टोच्याने पुढून ओढा. मशीन टेबलावर आपटू नका, त्याने पिन ढकलणारं पातं वाकतं. पातं वाकलं असेल तर मात्र नवीनच घ्या.

पिन जाते पण पाय बाहेरच्या बाजूला वळतात, अशी तक्रार असेल तर खालची चकती फिरलेली आहे. ती खालून दाबून अर्धी फिरवा. पाय बाहेर वळवणारी ही खाच तात्पुरत्या टाचणासाठी असते, म्हणजे पिन नंतर सहज ओढून काढता यावी म्हणून.

दाबण्याचीही रीत आहे. मशीन टेबलावर ठेवून तळव्याने पिनेच्या बरोबर वर, एका दमात दाबा. हातात धरून हळूहळू दाबलं की वीस कागदांना एक पाय हमखास वाकडा जातो.

प्रश्न : ग्रामपंचायतीची जुनी कागदपत्रं पिना मारूनच ठेवावीत का?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : वर्षानुवर्षं जपायच्या कागदांना पिन नको. ओल लागली की ती गंजते, डाग पडतो आणि तिथला कागद कुजतो. पंचिंग करून सुती टॅग ओवा. शंभराच्या पुढची नस्ती दाभणाने टोचून दोऱ्याने शिवा. स्कॅनिंगला देण्याआधी प्रत्येक पिन पिन-रिमूव्हरने काढा. एक जरी आत राहिली, तरी कागद फाटतो आणि स्कॅनरच्या काचेवर ओरखडा येतो.