मॉरिस मायनरला भंगारातलं १२७५चं हेड: ब्लॉकला हात लावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची मॉरिस मायनर, १०९८ सीसी. चोर्ल्याच्या घाटात तिचा दम जातो. मेव्हण्याने इंग्लंडातल्या स्विंडनहून भंगारात निघालेल्या मरीना १.३ गाडीचं (१२७५ सीसी) हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्हवालं झाकण, आणलंय, त्यावरचा ओतीव नंबर १२जी९४०. म्हापशाचे मेकॅनिक म्हणतात, स्टड जुळतात, चढवून टाकू. चढवायचं का?

स्टड, म्हणजे हेड खालच्या ब्लॉकला जखडणारे आटे, जुळतात हे खरं आहे, आणि फसगत होते ती तिथेच. हे हेड ७०.६ मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) १२७५ इंजिनाचं. तुमचा बोअर ६४.५८. या हेडाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका धूर बाहेर सोडणारा) १.१५६ इंचाचा आहे. तो उघडून खाली आला की त्याची कड तुमच्या बोअरच्या बाहेर, थेट ब्लॉकच्या माथ्यावर येते. इंग्लंडात लोक ब्लॉकलाच खाचा पाडून घेतात. तुम्ही पाडू नका. हेड उद्या दुसरं मिळेल, आजोबांच्या गाडीचा नंबर असलेला ब्लॉक गोव्यात कुठून आणणार? जे काय कोरायचं, बदलायचं ते हेडावर.

आधी ते हेड धडधाकट आहे का ते बघा. ए-सिरीजची (तुमचं नि मरीनाचं इंजिन याच घराण्यातलं) हेडं मधल्या दोन सिलिंडरांपाशी, व्हॉल्व्हच्या सीटांच्या, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांच्या मध्ये, तडकतात. दोन आणि तीन नंबरचा एक्झॉस्ट एकाच तोंडातून बाहेर जातो, म्हणून सगळी आग तिथे साठते. साफ करून डाय टेस्ट (रंग लावून तडा शोधायची तपासणी) करून घ्या. लाल रेघ उमटली तर ते हेड बाजूला ठेवा, वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. सीटा तशाही बदलायच्याच आहेत. हे हेड शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातलं, आणि आपल्याकडे शिसं २००० सालीच बंद झालं. नुसत्या बिडाची (ओतीव लोखंडाची) एक्झॉस्ट सीट हळूहळू खचत जाते. कडक सीटा बसवतानाच लहान एक्झॉस्ट व्हॉल्व्हला जुळतील अशा बसवल्या तर ब्लॉकला लागायचा धोकाही बराच कमी होतो. हे काम मी बेळगावला करून घेतो. तिथे फौंड्री आणि मशीनकामाची परंपरा आहे, बिडाला हात लावणारे जुने कारागीर अजून भेटतात.

तरी तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मुलांची खेळायची माती घ्या, बोटाएवढी वळी ब्लॉकच्या माथ्यावर बोअरच्या कडेला, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह येतो तिथे दाबा. मातीला तेलाचा हात लावा, म्हणजे चिकटणार नाही. जुनं गॅस्केट, हेड, रॉकर बसवून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) जुळवा आणि इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा. हेड उचललं की मातीत व्हॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा दिसेल. ब्लेडने मधोमध कापून जाडी मोजा. दीड मिमीच्या खाली असेल तर पुढे जाऊ नका.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतला वायू किती पट दाबतो ते. इथे मी स्वतः ठेचकाळलोय. एकदा मोजमाप न करता हेड फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) दिलं, जरा जास्तच घासून आलं. गाडी सपाटीवर मस्त पळाली. मोल्याहून अनमोड घाट चढायला लागल्यावर नॉकिंग (इंजिनात ठकठक) सुरू झालं, आणि वर पोचेपर्यंत दोन नि तीनच्या मधलं गॅस्केट जळून गेलं. भर पावसात टेम्पोवर घालून गाडी घरी आणली.

तुमच्या एका सिलिंडरचं आकारमान साधारण २७४ सीसी. साडेआठ कॉम्प्रेशनला वर जागा उरते ३६.६ सीसी. त्यात जुन्या हेडाचा चेंबर (हेडातला खळगा) २६ सीसीच्या आसपास, बाकीची जागा गॅस्केट आणि पिस्टनपाशी; या हेडाचा चेंबर २१.४. म्हणजे नुसतं चढवलं तरी कॉम्प्रेशन ९.६ला जातं. आपल्या उकाड्यात, घाटात, जुन्या डिस्ट्रिब्युटरवर मी नऊच्या वर जाणार नाही. त्यासाठी चेंबर २३.८पर्यंत, म्हणजे सुमारे अडीच सीसीने, मोठा करावा लागेल. व्हॉल्व्हच्या भोवतीचं बीड हलकेच काढलं तर हवेलाही वाट मोकळी होते. मात्र आधी प्रत्यक्ष मोजा, कारण तिकडे कुणी किती वेळा घासलंय कुणास ठाऊक. प्लग लावा, भोकाचा काचेसारखा प्लास्टिकचा तुकडा ग्रीसने चेंबरवर चिकटवा, प्रयोगशाळेतल्या ब्युरेटने रॉकेल सोडा.

खरं सांगायचं तर १०९८ला शोभणारं हेड एमजी ११००चं, १२जी२९५. त्याचा चेंबर २८.३ सीसी, व्हॉल्व्ह ब्लॉकला लागायचा प्रश्नच नाही. मेव्हणे परत येणार असतील तर तेच सांगून ठेवा.

बसवताना नट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने ४० फूट-पाऊंडपर्यंत. टॅपेट थंड इंजिनावर १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), आणि दोनेकशे किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा बघायचे. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी नको, कूलंट घाला. मातीचं आणि चेंबरचं माप निघालं की इथे टाका, किती कोरायचं ते आकडे बघून ठरवू.