घरी ठेवलेले बियाणे किती वर्षे उगवते?

चार वर्षांपूर्वीचे कांदा, टोमॅटो, भेंडी आणि दुधी यांचे बी डब्यात शिल्लक आहे, शिवाय गेल्या हंगामातले घरचे सोयाबीनही आहे, तर यांतले काय पेरावे, असे आपण विचारले आहे. कांद्याचे बी पेरू नये, हे आधीच सांगतो. बाकीच्यांचा निर्णय उगवण तपासूनच घ्यावा.

बियाणे पिकागणिक वेगवेगळे टिकते. कोरड्या आणि थंड जागी टोमॅटो, वांगी, दुधी, काकडी यांचे बी साधारण चार वर्षे चांगले उगवते, भेंडीचे दोनेक वर्षे, तर कांद्याचे जेमतेम एक वर्ष. आपल्याकडच्या दमट हवेत एक पावसाळा काढला की कांद्याची उगवण झपाट्याने घटते. आंबा आणि फणस यांची गोष्टच निराळी आहे, कारण त्यांचे बी सुकले की मरते, म्हणून कोय ताजी असतानाच लावावी लागते. उलट इस्राएलमधील मसादा येथे सापडलेले खजुराचे सुमारे 2000 वर्षांपूर्वीचे बी 2005 मध्ये पेरल्यावर उगवले, आणि त्यात तिथल्या वाळवंटी कोरड्या हवेचा वाटा फार मोठा आहे.

बियाण्याचे आयुष्य मुख्यतः ओलावा आणि उष्णता यांवर ठरते. बियाणेशास्त्रातील एक जुना ठोकताळा असा आहे की, बियातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला किंवा साठवणीचे तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरले, तर ते साधारण दुप्पट काळ टिकते. चुलीवरच्या आढ्याला मक्याची कणसे आणि अख्खे वाळके दुधी टांगून ठेवण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची होती: धुराने कीड लागत नसे आणि बी कोरडे राहत असे. हवाबंद बरणी उत्तमच, मात्र बी पुरते वाळलेले असेल तरच. ओलसर बी कोंडले तर ते उघड्यावरच्यापेक्षा लवकर खराब होते. बरणी फ्रिजमध्ये ठेवत असाल, तर बाहेर काढल्यावर ती घरातल्या हवेइतकी कोमट होईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर गार बियांवर दव धरते.

सोयाबीनबाबत अधिक काळजी हवी. त्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर टरफलाच्या अगदी लगत असतो, त्यामुळे मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोते वरून आपटले, तरी वरकरणी टपोरा दिसणारा दाणा आतून मार खातो. म्हणून पोत्यांची उंच थप्पी लावू नये, आणि ती भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावी.

तपासणीसाठी पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ दाणे घेऊन ते मिसळावेत आणि त्यांतले 100 दाणे न निवडता मोजून घ्यावेत. चांगले दाणे वेचले की तपासणी फसते. स्वच्छ धुतलेल्या ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडून त्यावर दुसरे ओले गोणपाट घालावे, गुंडाळी सावलीत ठेवावी आणि ती नुसती ओलसर राहील एवढेच पाणी शिंपडावे. सोयाबीन सुमारे आठवड्याने मोजता येते. मोजताना मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेली रोपेच धरावीत. नुसते फुगलेले, बुरशी आलेले किंवा तुटक्या मुळांचे दाणे सोडून द्यावेत. 70 किंवा अधिक रोपे मिळाली तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे, थोडी कमी भरली तर त्या मानाने बियाणे वाढवावे, आणि निम्म्याच्या आसपास आली तर माझ्या मते ते बियाणे सोडावे, कारण उगवण इतकी घसरते तोवर उरलेल्या दाण्यांचा जोमही गेलेला असतो आणि पेरणीनंतर मोठा पाऊस होऊन जमिनीवर पापडी धरली की तसे कोंब वर येत नाहीत.

टोमॅटो, भेंडी आणि दुधी यांचे प्रत्येकी वीस-पंचवीस दाणे याच रीतीने दोन आठवडे पाहावेत. कांद्याचे बी टाकून देताना रंगीत औषध चोळलेले असेल, तर ते कोंबड्या-गुरांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी खड्ड्यात पुरावे.