वाचक विचारतात : एडिनबराचा किल्ला बघायला जाताय?

प्रश्न : नमस्कार ताई, मुलगी स्कॉटलंडमध्ये एडिनबराला शिकतेय, जूनमध्ये मी, मिस्टर आणि सासूबाई जाणार आहोत. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात. किल्ला चढणं जमेल का त्यांना? आणि तासाभरात उरकतो का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तासाभरात नाही हो उरकत, निदान तीन तास तरी ठेवा, आणि सासूबाईंना हॉटेलवर अजिबात ठेवून जाऊ नका. किल्ला थंड झालेल्या ज्वालामुखीच्या कातळावर आहे त्यामुळे आतला रस्ता चढाचा आणि दगडी फरसबंदीचा, गुडघ्यांना त्रास होणारच, पण ज्यांना चालणं कठीण आहे त्यांच्यासाठी किल्ल्याचीच एक छोटी गाडी असते, ती बाहेरच्या पटांगणातून (त्याला एस्प्लनेड म्हणतात) वर क्राऊन स्क्वेअरपर्यंत नेते. क्राऊन स्क्वेअर म्हणजे आपल्या भाषेत बालेकिल्लाच, राजवाडा, मोठा दरबार हॉल, राजमुकुट, युद्धस्मारक सगळं त्याच चौकात, म्हणजे सासूबाईंचं महत्त्वाचं सगळं बघून होतं. गाडीत जागा कमी असतात म्हणून सकाळी साडेनऊला उघडतो तेव्हाच पोचा. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, सीझनमध्ये ऐनवेळी मिळत नाही. वारा खूप असतो वर, जूनमध्येसुद्धा, स्वेटर आणि कानटोपी घ्याच.

दुपारी एकला तोफ उडते, ती सोडू नका. रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडून रोज. १८६१ पासून चालू आहे, लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून सुरू केलेली. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, आवाज दणदणीत होतो.

प्रश्न : कोहिनूर तिथेच आहे ना? आणि तो राज्याभिषेकाचा दगडपण बघायचाय. – एक वाचक, ठाणे

उत्तर : कोहिनूर लंडनला, टॉवर ऑफ लंडनमध्ये. इथे आहेत ते स्कॉटलंडचे स्वतःचे मुकुट, राजदंड आणि तलवार. १७०७ ला इंग्लंडशी एकीकरण झाल्यावर हे पेटीत बंद करून ठेवले ते लोक विसरूनच गेले, १८१८ ला कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनी पेटी उघडायला लावली तेव्हा परत सापडले. फोटो काढू देत नाहीत त्या खोलीत. दगड मात्र आता तिथे नाही, २०२४ पासून स्कॉटलंडमधल्याच पर्थ शहराच्या म्युझियममध्ये आहे, जुने व्हिडिओ बघून जाऊ नका.

प्रश्न : आम्ही सह्याद्रीत फिरणारे, नुसते महाल आणि दागिने बघण्यात रस नाही. किल्ला म्हणून त्यात काही आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : भरपूर आहे, आणि मला तर वाटतं आपल्या लोकांना तो इतरांपेक्षा जास्त कळेल. सिंहगड आठवा. १६७० ला तानाजी रात्री कडा चढून गेले, तसंच इथे १३१४ च्या मार्चमध्ये झालं. किल्ला इंग्रजांकडे होता, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस, त्याचा सरदार थॉमस रँडॉल्फ जेमतेम तीसेक माणसं घेऊन रात्री उत्तरेचा कडा चढला, वाट दाखवणारा विल्यम फ्रान्सिस पूर्वी ह्याच किल्ल्यात राहिलेला, रात्री गुपचूप गावात उतरायची त्याची नेहमीची वाट होती म्हणे. वर पोचून शिडी लावली आणि किल्ला घेतला. नंतर ब्रूसने तटबंदी पाडून टाकायला लावली, परत शत्रूच्या हाती लागू नये म्हणून, फक्त सेंट मार्गारेटचं छोटं चॅपल ठेवलं, ते बाराव्या शतकातलं आहे, आजही उभं आहे. आत जाण्याआधी खाली प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेतून तो कडा मान वर करून नीट बघा, मग कळतं काय केलं त्या लोकांनी.

तोफांमध्ये मॉन्स मेग बघा, १४४९ ची, सहा टनांची, दीडशे किलोचा दगडी गोळा टाकायची.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, एस्प्लनेडवर ७८ व्या हायलँडर्स पलटणीचं स्मारक आहे, दगडी क्रॉस, १८५७-५८ ला आपल्याकडे उठाव मोडताना मेलेल्या त्यांच्या सैनिकांचं. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढली होती, त्याबद्दल त्यांना हत्तीचं चिन्ह मिळालं, त्यावर असईचं नाव. बहुतेक लोक त्या क्रॉसपाशी सेल्फी काढून पुढे जातात. तुम्ही थांबा, लेख वाचा, मुलांना सांगा की असईची लढाई आपल्या गावाच्या शिवारात झाली आणि आपली माणसं त्यात पडली, त्यांचं नाव इथे कुठे नाही. एस्प्लनेडवर जायला तिकीट लागत नाही, पण ऑगस्टमध्ये टॅटूचा (म्हणजे लष्करी बँड आणि संचलनाचा) कार्यक्रम असतो, त्याच्या गॅलऱ्या आधीपासूनच उभारायला घेतात आणि पटांगण सगळं भरून जातं, म्हणून शक्य असेल तर मे किंवा सप्टेंबरमध्ये जा.